ऑर्गनचं पोट रिकामं करू नका!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी दुरुस्त करावं आणि तुम्ही खुशाल हसावं. हा लेख खरं तर इंग्लिश सेक्शनला द्यायचा होता. पण लिहायला बसले आणि अडले. भाता, सूर, पट्टी, काळी दोन... या शब्दांचं इंग्लिश करायला गेलं की त्यातली हवाच निघून जाते. म्हणून मराठीत.

गेल्या वर्षी नाट्यगीतांच्या एका कार्यक्रमाला गेले होते. स्टेजच्या पुढे, तबलजीच्या शेजारी, झकास जुना ऑर्गन मांडलेला. शिसवी रंगाचं लाकूड, कोरीव नक्षी, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवायचे लाकडी हात. मी खूश! पण थोड्या वेळानं लक्षात आलं की वाजवणाऱ्याचे पाय हलतच नाहीयेत. मध्यंतरात जवळ जाऊन बघितलं तर आत सगळं पोकळ. भाता नाही, सूर नाहीत, फळीवर एक कीबोर्ड ठेवलेला आणि त्याची वायर मागून बाहेर काढलेली. आतलं सामान कुठे गेलं म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "भंगारात घातलं, पितळेला बरा भाव मिळाला."

त्या रात्री होस्टेलवर येऊन मी रूम पार्टनरला तासभर पिडलं. आता तुमची पाळी.

ज्यांनी ऑर्गन म्हणजे सिनेमातल्या चर्चमधल्या उंच नळ्या एवढंच पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन नळ्यांचा नाही, पितळी पट्ट्यांचा. हार्मोनियमचाच थोरला भाऊ म्हणा, पण स्वभाव उलटा. हार्मोनियम हवा बाहेर फुंकते, ऑर्गन हवा आत ओढतो. दोन्ही पायांनी पायटे मारत राहायचं, भात्यातली हवा बाहेर जाते, आत पोकळी तयार होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरातून आत खेचली जाते. म्हणून त्याचा आवाज हार्मोनियमसारखा अंगावर येत नाही, गोल आणि खोल लागतो. अमेरिकेत एस्टे, मेसन अँड हॅम्लिन अशा कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात असे ऑर्गन घराघरांसाठी आणि छोट्या चर्चसाठी बनवले. एकट्या एस्टेनंच पाच लाखांहून जास्त! त्यातले काही बोटीनं आपल्याकडे आले. चर्चमध्ये हिम्सच्या साथीला बसले आणि आपल्या नाटक कंपन्यांनी त्यांना थेट बालगंधर्वांच्या गाण्याच्या साथीला बसवलं.

मला दोन्हीकडचा ऑर्गन मिळाला, हे माझं भाग्य. शाळेच्या चॅपलमध्ये एक होता, त्यावर सिस्टर आम्हाला हिम्स शिकवायच्या. आणि कसबा बावड्याला आजोळी, माडीवर एक होता, त्यावर आजोबा नाट्यपदं वाजवायचे. लहानपणी मला वाटायचं ही दोन वेगळी वाद्यं आहेत. शाळेतला इंग्लिश बोलायचा आणि आजोबांचा मराठी!

आजोबा जाऊन काही वर्षं झाली. ऑर्गन माडीवरच होता. उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं होतं, आणि मामाकडे एकजण सारखा येत होता, "शोकेस करायला द्या" म्हणून. मामा वाईट नाही हो. पण मुलांना अभ्यासाला जागा नाही आणि माडीवर हे धूड. तो म्हणाला, "वाजला तर ठेवू. नुसता बसून राहणार असेल तर नको." तिथून आमचा मिनी प्रोजेक्ट सुरू झाला.

कल्पना आमची नव्हे. युरोप-अमेरिकेत हौशी ऑर्गनवादक हे पंधरा-वीस वर्षांहून जास्त काळ करतायत. जुन्या, बंद पडलेल्या ऑर्गनचा सांगाडा म्हणजे पट्ट्या, पायपट्ट्या, स्टॉप, हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, त्याला मिडी जोडायचं आणि आवाज कॉम्प्युटरमधून काढायचा. हाउप्टवर्क हे त्यातलं विकतचं सॉफ्टवेअर, ग्रँडऑर्ग हे फुकटचं, ओपन सोर्स. कुठल्या तरी जुन्या चर्चमधल्या ऑर्गनची एकेक नळी वेगवेगळी रेकॉर्ड केलेली असते, तुम्ही पट्टी दाबली की नेमकं तेच रेकॉर्डिंग वाजतं. अख्खं कॅथेड्रल तुमच्या हॉलमध्ये.

मिडी म्हणजे काय हे आपल्या ब्रँचला तरी सांगायला नको, पण मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी थोडक्यात. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरनी एकमेकांशी बोलावं म्हणून हे ठरलं. त्यासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही. जातो फक्त निरोप. कुठली पट्टी, दाबली की सोडली, किती जोरात. तीन बाइटचा निरोप, सेकंदाला ३१,२५० बिट या वेगानं, म्हणजे एक निरोप पोचायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. मधल्या सा चा (पांढरी एक धरली तर) नंबर ६०. संपलं. पोस्टकार्डासारखं आहे. लिहिलेलं पोचतं, लिहिताना हात कसा थरथरला ते नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच आमचं वाजलं.

आम्ही एक अट घातली होती. ऑर्गनला एकही नवीन भोक पाडायचं नाही, आणि उद्या सगळं काढून घेतलं तर तो होता तसा दिसला आणि वाजला पाहिजे. म्हणून कॉन्टॅक्टच्या पट्ट्या न ठोकता प्रत्येक पट्टीखाली दुहेरी टेपनं चिमुकलं लोहचुंबक चिकटवलं आणि समोर एका फळीवर ६१ रीड स्विच. (सुरांनाही इंग्लिशमध्ये रीड आणि या काचेच्या स्विचलाही रीड. ओरलला एक्स्टर्नल सरांचा गोंधळ झाला, त्यात आमची दोन मिनिटं वाचली.) ६१ वायरी ओढण्यापेक्षा आठ गुणिले आठचं मॅट्रिक्स केलं, १६ वायरींत काम झालं. प्रत्येक स्विचला एक डायोड. तो पहिल्यांदा आळसानं लावला नव्हता. मग तीन पट्ट्या दाबल्या की चौथी आपोआप वाजायची, जिला कोणी हातही लावलेला नाही! आजी जिन्यातून ओरडली, "कोण वाजवतंय गं वर?" त्यानंतर निमूटपणे ६१ डायोड सोल्डर केले.

दुसरा त्रास चुंबकांचा. सप्तकाची रुंदी साडेसोळा सेंटिमीटर, त्यात बारा स्वर, म्हणजे दोन स्विचमध्ये जेमतेम चौदा मिलिमीटर. प दाबला की शेजारचा तीव्र म पण बोलायचा. चुंबक लहान घेतले, स्विच एक आड एक वर-खाली केले, तेव्हा शेजाऱ्यांची भांडणं मिटली. मग स्विच उसळतो म्हणून प्रोग्रॅममध्ये पाच मिलिसेकंदांची वाट. मग लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून घूंऽऽ. मग लॅपटॉपच्या साउंड कार्डचा बफर. १०२४ सॅम्पलचा ठेवला तर पट्टी दाबल्यापासून आवाज यायला तेवीस मिलिसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही, पण द्रुत लयीत तबल्याबरोबर बसा म्हणजे कळेल. १२८ वर आणला तेव्हा तो तीनवर आला. आर्डुइनोचा छोटा बोर्ड, स्विच, सेन्सर सगळं धरून चौघांत मिळून चार हजारांच्या आसपास खर्च. भात्याला मात्र इलेक्ट्रॉनिक्स उपयोगी पडलं नाही. कापड नवं घातलं, आणि आतल्या झडपांचं चामडं कडक झालं होतं ते जवाहरनगरातल्या एका चप्पल कारागिरानं कागदासारखं पातळ तासून दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हते. कोल्हापूरला असल्याचा हा फायदा.

तर, यंत्र चालू झालं. ग्रँडऑर्गमध्ये हॉलंडमधल्या एका चर्चचा आवाज भरला, मी एक हिम वाजवलं, आजीच्या डोळ्यात पाणी. आम्हाला वाटलं झालं, सबमिशन!

मग मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे आजोबांचे जोडीदार, ऐंशीच्या पुढचे, हौशी संगीत नाटकांत आयुष्यभर ऑर्गनवर बसलेले. ते जिना चढून आले, टोपी काढून ठेवली, ऑर्गनला नमस्कार केला, पाच मिनिटं वाजवलं आणि थांबले.

"बाळ, आवाज लई मोठा आहे. पण याचा श्वास कोंडलाय."

"म्हणजे काय मास्तर?"

"पायात काही लागंना झालंय. मी थांबलो तरी हा थांबत नाही. आणि पाच पट्ट्या दाबल्या काय नि एक दाबली काय, याला दम लागत नाही. जिवंत माणसाला दम लागतो, पोरी."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रात्री विचार केला तेव्हा कळलं, की म्हातारा बरोबर बोलतोय. आम्ही पट्ट्यांचा निरोप पाठवला होता, पायांचा नाही. आणि या ऑर्गनमध्ये गाणं पायात असतं. पट्टी जोरात दाबून काही होत नाही, आवाज लहान-मोठा करायचा तर पायानं, किंवा गुडघ्यानं ढकलायच्या दांडीनं. गायकानं सूर लांबवला की पाय हळू, तान सुटली की पाय झपझप. बाहेरून हे कीबोर्डसारखं दिसतं, आतून तो माणूस सायकल चालवत असतो!

मग भात्याला प्रेशर सेन्सर जोडला. दोन किलोपास्कलपर्यंत मोजतो, नळी होती त्याच फटीतून आत सोडली, भोक नाही. भात्याची ओढ मोजून ती मिडीच्या अकरा नंबरच्या कंट्रोलवर, म्हणजे आवाजाच्या चढउतारावर टाकली. तरी जमेना. कारण असं, की खरे सूर मधे बोलू नयेत म्हणून आम्ही स्टॉप बंद ठेवले होते, म्हणजे हवेला वाट नव्हती. भाता एकदा भरला की भरलेलाच. श्वास कोंडलाय म्हणजे अक्षरशः कोंडलाय! उपाय मात्र इतका साधा निघाला की आम्हालाच हसू आलं. ऑर्गनमध्ये सुरांचे दोन संच. दुसरा संच साफ करायला काढून डब्यात नंबर घालून ठेवला होता, त्यात चौदा सूर मोडके. त्या रिकाम्या घरांवर बारीक भोकं पाडलेली कार्डशीटची पट्टी बसवली आणि त्याच संचाचा स्टॉप उघडला. आता एक पट्टी दाबली की थोडी हवा जाते, पाच दाबल्या की पाचपट जाते. ऑर्गनला दम लागायला लागला! मास्तर पुन्हा आले, अर्धा तास वाजवलं, आणि म्हणाले, "आता बरं आहे. ऑर्गन नव्हे. पण बरं आहे."

इथून माझं मत सुरू होतं, आतापर्यंतचं सगळं प्रोजेक्ट रिपोर्टच होतं म्हणा.

होस्टेलमधले मित्र विचारतात, एवढी उठाठेव कशाला? बारा-पंधरा हजारात कीबोर्ड येतो, त्यात शंभर आवाज असतात, ऑर्गनचे तर दहा. अगदी बरोबर. ज्याला नुसता आवाज पाहिजे त्यानं तो घ्यावा, मीही शाळेत त्यावरच शिकले. पण त्या दहांत आपला एकही नाही. कुठला चर्चचा, कुठला जॅझचा. मराठी माणसानं संगीत नाटकात शंभर वर्षं ऐकलेला तो पितळी, किंचित घोगरा, पायाच्या लयीत श्वास घेणारा आवाज कुठल्या बटणाखाली आहे ते दाखवा. आम्ही सॉफ्टवेअरसाठी आवाजांचे संच शोधले तेव्हा हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स सगळे पुढे आले. त्या लोकांनी आपापल्या गावातल्या चर्चच्या एकेका नळीसमोर माईक लावून रात्री जागवल्या म्हणून ते आले. आपण काय केलं? सूर भंगारात घातले आणि खोकं ठेवलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्यांनी १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान केलं, आणि त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी जे गेले, ते केशवराव कोल्हापूरचे. आणि त्या मानापमानला चाली देणारे गोविंदराव टेंबे, तेही कोल्हापूरचेच, हार्मोनियमवादक. आगीनंतर सगळं शहर हळहळलं, पुनर्बांधणीचा निर्णयही लगेच झाला. भिंती परत उभ्या करता येतात, कारण त्यांचे नकाशे असतात, मापं असतात, ढीगभर फोटो असतात. माईक नसलेल्या काळात त्या हॉलमध्ये जो सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, त्याचं माप कोणाकडे आहे?

म्हणून माझं म्हणणं आहे की मिडी जोडा, जरूर जोडा, पण क्रम उलटा करा. आधी सूर रेकॉर्ड करा, मग वायरी. आमच्या ऑर्गनचा पहिला संच ६१ सुरांचा. एकेक सूर आठ सेकंद, चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग, सगळं मिळून सत्तर एमबीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण रोज गुड मॉर्निंगचे याहून जास्त फोटो पाठवतो! वेळ मात्र लागतो. आम्ही मध्यरात्रीनंतरच बसायचो, कारण ऊसाच्या सीझनमध्ये बावड्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर कशी गाणी लावून जातात ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या खर्ज सा च्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एक लावणी आहे, ते पुन्हा करायचंय.

काही जण म्हणतील, ऑर्गन काय, हार्मोनियम काय, मुळात परकी वाद्यं. आपल्या गाण्यातल्या श्रुती त्यात नाहीतच, मग जपायचं कशाला? हा वाद जुना आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं याच कारणावरून हार्मोनियमवर बंदीच घातली होती, ती सत्तरच्या दशकात कुठे सैल व्हायला लागली. तक्रार खोटी नाही. पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. कान तयार असेल तर बोचतो. डॉ. विद्याधर ओकांनी याच्यासाठी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. पण गंमत बघा, सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. ग्रँडऑर्गमध्ये प्रत्येक स्वर सेंटमध्ये हवा तेवढा उतरवता येतो. आम्ही गंधार चौदा सेंट खाली आणला आणि तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं. मास्तर काही बोलले नाहीत, तोच एक स्वर दाबून बराच वेळ बसून राहिले. शिवाय गायिकेला काळी पाच हवी असेल तर पट्टी बदलायला एक बटण पुरतं. ज्या यंत्रावर बेसूर म्हणून शिक्का बसला, त्याला सुरात आणायचं काम आपल्या ब्रँचच्या हातात आहे, आणि आपण मात्र चौथ्यांदा लाइन फॉलोअर रोबो करतोय! (रोबोटिक्स क्लबनं रागावू नये. बरं, थोडं रागवावं.)

हे सगळं कबूल करूनही मास्तरांचं "ऑर्गन नव्हे" मला खोडता आलेलं नाही. पाय जोरात मारला की खरा सूर नुसता मोठा होत नाही, त्याचा रंग बदलतो, किंचित उतरतोसुद्धा. आमच्याकडे फक्त मोठा होतो, तोही १२८ पायऱ्यांनी. मंद वाजवताना त्या पायऱ्या मास्तरांना ऐकू येतात, मला येत नाहीत! त्यासाठी प्रत्येक सूर तीन-चार वेगवेगळ्या दाबांना रेकॉर्ड करावा लागेल. म्हणजे आणखी बऱ्याच रात्री. आणि म्हणूनच खरे सूर आत असणं गरजेचं आहे, नाहीतर पुढच्या वर्षी चूक सुधारायला जाणार कुठे?

सध्या परिस्थिती अशी. मामानं शोकेसवाल्याला "नाही" सांगितलंय, पण "सध्या" हा शब्द लावून. दुसऱ्या संचातले चौदा मोडके सूर घेऊन मी मिरजेला चक्कर मारणार आहे. सतारी-तंबोऱ्याचं गाव आहे, पितळ घासून सुरात आणणारं कोणीतरी भेटेलच. आणि तुमच्यापैकी कोणाच्या गावी, माडीवर, देवळाच्या खोलीत, चर्चच्या मागे असा एखादा ऑर्गन पडून असेल तर लेडीज होस्टेलच्या रेक्टर मॅडमकडे फक्त गावाचं नाव ठेवा. माईक आणि लॅपटॉप आम्ही आणू. तोपर्यंत त्यावर कपडे वाळत घातले तरी चालतील, फक्त आतलं काही काढू नका. आणि हो, रविवारी दुपारी मास्तर बावड्याला येतायत, शिकायचं असेल त्यानं यावं. पायात चप्पल नको म्हणतात, पायटा नीट कळत नाही.